ॲल्विन प्रेंटिसचं पुसणं

आधी हसणं ऐकू आलं, मग आरशात बिली दिसली. ॲल्विन प्रेंटिस जिममध्ये खिडकीजवळच्या बाकावर ताठ बसून सात-सात किलोची डंबेल्स खांद्यांवरून वर नेत होता. आठवी खेप चालू होती, आणि समोरच्या भिंतीभर पसरलेल्या आरशात त्याच्या स्वतःच्या कानामागे, लांब, दाराजवळचं काउंटर दिसत होतं. काउंटरवर बसणारी बिली बाहेर येऊन एका रिकाम्या बाकापाशी उभी होती. हातात नसलेला टॉवेल तिनं बाकावर पसरला. मान तिरकी करून पाहिलं. एक कोपरा अर्धं बोटभर ओढला, पुन्हा पाहिलं, आणि कोपरा परत होता तिथे नेऊन ठेवला. मग खिशातून नसलेलं फडकं काढलं, त्याची चौघडी केली आणि बाक डोक्याकडून पायाकडे पुसत गेली. पायाकडून डोक्याकडे एकदाही नाही. तरीसुद्धा ही नक्कल कुणाची चाललीये ते ॲल्विनच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं ते शेवटी. ती वाकली, तिनं एक डोळा मिटला, खालचा ओठ चावला आणि उजेड तिरपा पडेल अशा बेतानं ती रेक्झीन निरखू लागली. रोज सकाळी येणारा रिस्टो पोट धरून हसत होता. सायकलींवरच्या दोन बायका पाय थांबवून हसत होत्या. आपण एक डोळा मिटतो, हे ॲल्विनला सदुसष्ट वर्षांत माहीत नव्हतं.

त्यानं बारा खेपा पुऱ्या केल्या. आठव्यावर थांबणं शक्य नव्हतं. डंबेल्स खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही, आणि मग तो क्षण आला, ज्यातून सुटका नव्हती: आता बाक पुसायचा होता. पुसला नाही तर आपण पाहिलं हे त्यांना कळणार, आणि पुसला तर ती मघाची नक्कल पुन्हा एकदा, अस्सल माणसाकडून, त्यांना फुकट बघायला मिळणार. त्यानं खिशातून पिवळं फडकं काढलं. चौघडी केली. डोक्याकडून पायाकडे. प्रत्येक हालचाल आता त्याची राहिली नव्हती. जणू बिलीनं आधी करून दाखवलेली तो कशीबशी गिरवत होता, आणि तिच्याइतकी ती साधतही नव्हती. शेवटी वाकला तेव्हा त्यानं हट्टानं दोन्ही डोळे उघडे ठेवले. दोन डोळ्यांनी डाग राहिला की नाही ते दिसेचना. एकच गुळगुळीत काळा उजेड. तो तसाच सरळ झाला, डंबेल्स वजनाचे आकडे वर करून रॅकवर लावली, आणि तो काउंटरजवळून जाताना बिली म्हणाली, "बाय, ॲल्विन! उद्या भेटू." नेहमीसारखं, गोड. "भेटू," तो म्हणाला.

बंदराकडच्या उतारावर सकाळचं ऊन पडलं होतं. दक्षिणेला पोलाद कारखान्याच्या धुरांड्यांवर पांढरा धूर सरळ उभा होता. ॲल्विन घराकडे चालत निघाला. चौतीस वर्षं त्यानं दातांच्या कवळ्या केल्या होत्या. दवाखान्यात नव्हे, दवाखान्यामागच्या खोलीत, जिथे रोगी येत नाहीत. नुसते त्यांच्या जबड्यांचे साचे येतात, चिठ्ठी लावून. कवळी घासून घासून तिला ओल्या हिरडीची झाक आणायची, दिव्याखाली तिरपी धरायची. तिथेच तो डोळा मिटायची सवय लागली असणार. कवळी तोंडात बसली की ती कुणी केली हे कुणी विचारत नाही, आणि हेच त्याला त्या कामात आवडायचं. आपण केलेल्या दातांनी शहरातली शेकडो माणसं खात होती, हसत होती, आणि त्यातल्या एकालाही ॲल्विन प्रेंटिसचा चेहरा ठाऊक नव्हता. जिममध्येही त्याला तेवढंच हवं होतं. बाक बसण्याआधी पुसायचा तो दुसऱ्यांचा घाम नको म्हणून, हे कुणालाही समजलं असतं. पण नंतर तो दुप्पट वेळ पुसायचा, आपला काही माग राहू नये म्हणून. बाहेरचे बूट कापडी पिशवीत, पाण्याची बाटली डावीकडे, चष्मा उजवीकडे, खिडकीकडून चौथीच ट्रेडमिल, आणि निघताना मागच्या खोलीतल्या चटयांच्या कडा एकावर एक जुळवून जाणं. अकरा वर्षं चाललं होतं हे. त्याला वाटत होतं, कुणी बघत नाही.

घरी त्यानं टोस्ट केला आणि खाल्ला, पण ओटा पुसायला फडकं उचललं आणि हात थांबला. बिलीचा मिटलेला डोळा आठवला. फडकं तसंच ठेवून तो खुर्चीत बसून राहिला. ओट्यावर चुरा पडलेला दिसत होता. त्याची बायको हेझल असती तर म्हणाली असती, राहू दे रे. हेझल चार वर्षं फुप्फुसांच्या दुखण्यानं अंथरुणाला होती, आणि ती चार वर्षं त्यानं तिचं इतक्या निगुतीनं केलं की तिची बहीण येऊन म्हणायची, नर्सला जमणार नाही इतकं करतो हा. नळ्या उकळलेल्या, ऑक्सिजनचा मुखवटा दिवसातून सहा वेळा पुसलेला, चादरीला सुरकुती नाही. हेझल बघत राहायची. एकदा तिचं तोंड पुसत असताना ती म्हणाली, "ॲल्विन, मी कवळी नाही रे." दोघंही हसले होते. मग शेवटच्या दिवसांत एका दुपारी, तो तिचं भांडं रिकामं करून येत होता, तिनं चादरीवरून हात पुढे केला आणि म्हणाली, "हात दे." तो म्हणाला, "आलोच, धुऊन येतो." साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, दोन मिनिटं लागली असतील, जास्त नाहीत. टॉवेलनं कोरडे करून आला तेव्हा तिनं हात पांघरुणात घेतला होता. "दे ना," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघून हसली, अगदी मायेनं, आणि हात काही बाहेर काढला नाही. त्यानंतर ती अकरा दिवस होती. अकरा दिवस तो हात पांघरुणातच राहिला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला त्यात काही नव्हतंच. बायकोनं पांघरुणात हात ठेवला, एवढंच. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला वाटलं, हेझलनंही कधी बहिणीला तो मिटलेला डोळा करून दाखवला असेल. दार लावून. दोघी हसल्या असतील. आणि हे वाटल्याबरोबर सकाळपासूनची लाज गेली, तिच्या जागी काहीतरी कठीण आलं. त्याला बरं वाटलं. त्याला बिलीविषयी एक गोष्ट माहीत होती.

नऊ आठवड्यांपूर्वी चटयांच्या कडा जुळवताना त्याला ढिगामागे उशी सापडली होती. बारीक जांभळ्या फुलांचा अभ्रा, मधोमध डोक्याचा खळगा, एक लांब काळा केस. त्याच सुमारास मागच्या आवारात बिलीची फिकट हिरवी गाडी रोज उभी दिसू लागली, मागच्या सीटवर कपड्यांची बोचकी. सकाळी जिम उघडायची ती साडेपाचला, आणि दारात पहिला उभा असायचा तो ॲल्विन; तेव्हा तिचे केस ओले असायचे आणि डोळ्यांखाली चटईची वीण उमटलेली असायची. बावीस वर्षांची पोर जिममध्ये झोपत होती. या शहरात भाड्याची खोली मिळणं किती कठीण झालंय ते त्याला ठाऊक होतं. तो कुणाला बोलला नाही. उलट उशी आणखी आत सरकवून त्यानं चटया अशा रचल्या की वरवर पाहणाऱ्याला काही दिसू नये. पुढच्या आठवड्यात त्यानं हेझलच्या कपाटातला एक पांढरा अभ्रा धुऊन, इस्त्री करून उशीखाली ठेवला. दोन दिवसांनी उशीवर तो होता. मग दर सोमवारी तो नवा ठेवायचा आणि जुना धुवायला घरी आणायचा. बिलीला कळलं नाही कोण ते. त्याला तेच हवं होतं. त्या नऊ आठवड्यांत काउंटरवरून तिनं "गुड मॉर्निंग" म्हटलं की त्याच्या मनात काहीतरी ऊबदार हलायचं. आपलं माणूस असल्यासारखं. आणि ती, हेझलच्या अभ्र्यावर डोकं ठेवून, त्याला बघत होती. सगळं टिपत होती. अर्धं बोट ओढलेला कोपरासुद्धा.

जिम चालवणाऱ्या डॅरिलला त्यानं दुपारी ईमेल लिहिली. चार वेळा लिहिली. प्रत्येक वेळी एखादं विशेषण काढून टाकलं. शेवटी उरलं ते असं: "चटयांच्या खोलीत कुणी मुक्काम करत असल्याच्या खुणा दिसतात. सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीनं आपण एकदा पाहावं. माझं नाव कुठे येऊ नये ही विनंती." बिलीचं नाव त्यात नव्हतं. वाचताना कुठेही राग दिसत नव्हता, आणि खरं म्हणजे राग नव्हताच. कवळीच्या कडेचा खडबडीत भाग घासून काढावा तसं स्वच्छ, समाधानाचं वाटत होतं. पाठवून झाल्यावर त्यानं ओटा पुसला. एक डोळा मिटला. चुरा एकही उरला नव्हता.

दोन दिवसांनी, बुधवारी, काउंटरवर स्वतः डॅरिल बसला होता. चटयांच्या खोलीला कुलूप होतं. ॲल्विन त्याच्या चौथ्या ट्रेडमिलवर चढला. शेजारच्या पट्ट्यावर रिस्टो आला. कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवलेला, गुडघे गेलेला, अवाढव्य मॅसेडोनियन माणूस. सहा वर्षं तो ॲल्विनशी बोलत होता आणि ॲल्विन त्याला उत्तरं देत होता. याला मैत्री म्हणतात, असं ॲल्विन धरून चालला होता.

"कळलं का रे दातवाल्या? बिलीला हाकललं."

"का?"

"इथे झोपायची म्हणे. चटयांवर! मूर्ख पोरगी. मला एका शब्दानं बोलली नाही. मला सांगायची, मैत्रिणीकडे राहते म्हणून. तिची आई माझ्या गावची, ठाऊक आहे ना तुला? आईच्या त्या नव्या नवऱ्याशी पोरीचं जमेना, म्हणून ही बाहेर पडली. अरे, माझ्या गराजवर खोली आहे, त्यात नुसती जुनी सायकल पडलीये!"

ॲल्विननं वेग एकनं वाढवला. "कुणीतरी तक्रार केली असेल," तो म्हणाला.

"केलीच. डॅरिल नाव सांगत नाही. सापडू दे फक्त." रिस्टो धापा टाकत चालत राहिला आणि मग एकाएकी हसायला लागला. "आता सकाळी कसं व्हायचं रे? तिच्या नकलांशिवाय?"

"कसल्या नकला?"

"म्हणजे? तुला ठाऊक नाही? अरे, सगळ्यांच्या करायची ती! मी वजन उचलताना कसा रेड्यासारखा ओरडतो, ते दोन आठवडे चाललं होतं. डॅरिल आरशात दंड बघतो, ते. त्या सायकलवाल्या दोघी पाय हलवतात कमी आणि तोंडं जास्त, ते तर त्यांच्यासमोर. तुझीच तेवढी राहिली होती. मी म्हणायचो, दातवाल्याची कर की. तर म्हणायची, नको, त्यांना वाईट वाटलं तर? मग परवा केली, सोमवारी. अरे, तो एक डोळा! मेलो मी हसून. म्हणाली, शुक्रवारी त्यांनाच दाखवते, त्यांना आवडेल. महिनाभर तयारी केली म्हणे तिनं."

ट्रेडमिल पायांखालून जात राहिली. ॲल्विनचे पाय चालत होते. थांबायचं बटण समोर होतं, पण वीस मिनिटं व्हायची होती. महिनाभर, तो मनात म्हणाला. महिनाभर कुणी त्याच्याकडे पाहिलं होतं. हेझलनंतर, आणि कदाचित हेझलच्या आधीही, कुणी महिनाभर त्याच्याकडे नीट पाहिलेलं त्याला आठवत नव्हतं. शाळेत असताना एका मुलानं त्याच्या चालण्याची नक्कल केली होती, तेव्हा बापानं त्याला अंगणात उभं करून सरळ चालायला लावलं होतं, संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून त्याला माहीत होतं की माणसं बघतात ती चूक काढायला. आता रिस्टो सांगत होता ते वेगळंच काहीतरी होतं आणि ते ऐकायला उशीर झाला होता. "रविवारी जेवायला बोलावतो तिला," रिस्टो म्हणत होता. "बायको म्हणाली, आधी पोटभर खाऊ घालू, मग खोली दाखवू, म्हणजे नाही म्हणायची नाही. फोन उचलत नाहीये, लाज वाटत असेल. उचलेल. कुठे जाणारे?"

शनिवारी सकाळी ॲल्विन तिला शोधायला निघाला. हे त्यानं मनापासून केलं. त्याबद्दल त्याला नंतरही शंका वाटली नाही. वाक्य पाठ करून ठेवलं होतं: बिली, ती तक्रार मी केली, माझी चूक झाली, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. त्यातला मधला तुकडा म्हणताना आवाज कापतो का ते त्यानं न्हाणीघरात म्हणून पाहिलं होतं. समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये, पाइनच्या झाडांखाली, फिकट हिरवी गाडी उभी होती. काचांना आतून टॉवेल लावलेले. बिली बोनेटवर बसून कागदातून बटाट्याचे तळलेले काप खात होती आणि सीगल तिच्याभोवती गोळा झाले होते. केस तेलकट दिसत होते. त्याला पाहून ती घाईनं उतरली, हात जीन्सला पुसले.

"ॲल्विन? तुम्ही इथे?"

"तुलाच बघायला आलो. कळलं मला. वाईट झालं."

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही पहिलेच आलात. खरंच. मी मेलेय का जिवंत आहे ते विचारायला बाकी कुणी आलं नाही. फोन येतात त्यांचे, रिस्टोकाकांचे. नऊ वेळा आलाय. कुठल्या तोंडानं करतात फोन?"

"म्हणजे?"

"त्यांनीच सांगितलं डॅरिलला. मला माहितीये. एकाच माणसाला ठाऊक होतं मी कुठे झोपते ते. कुणीतरी माझ्या उशीखाली धुतलेले अभ्रे ठेवायचं. इस्त्रीचे, इतके छान. मला वाटायचं, स्तोयनाकाकू देत असणार आणि काका गुपचूप ठेवत असणार. मी रडायचे त्यावर डोकं ठेवून, माहितीये? वाटायचं, कुणीतरी आहे. आणि मग त्यानंच..." ती थांबली. नाक हाताच्या पाठीनं पुसलं. "मला आईकडे परत पाठवायचं असेल. ती आणि ते एकाच गावचे ना. रिस्टोकाकाच असणार. हो की नाही?"

ॲल्विनला पुष्कळ वेळ मिळाला. एक सीगल बोनेटवर उतरला, तिनं त्याला हाकललं. एक म्हातारी दोन कुत्री घेऊन समोरून गेली, त्यांतलं एक थांबलं, त्यानं चाकाचा वास घेतला, म्हातारीनं त्याला नाव घेऊन बोलावलं. पाठ केलेलं वाक्य पुरतं तोंडात होतं. त्याला उद्याचं जेवण ठाऊक होतं, गराजवरची खोली ठाऊक होती; या प्रश्नाच्या उत्तरावर काय काय अवलंबून आहे हे त्याच्याइतकं स्पष्ट त्या किनाऱ्यावर कुणाला दिसत नव्हतं. आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्यासाठी जे होतं, तो उघडा, ओला विश्वास, तसं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. दोन वाक्यं बोललं की ते जाणार होतं. ते थोडा वेळ राहावं असं त्याला वाटलं. एवढंच.

"असेल," तो म्हणाला.

बिलीनं मान हलवली, जणू मनातलं काही पक्कं झालं. मग ती पुढे आली आणि तिनं त्याला मिठी मारली. तिच्या जॅकेटला तेलाचा, व्हिनेगरचा आणि शिळ्या झोपेचा वास येत होता. तो हात बाजूला ठेवून उभा राहिला. "जाते आता," ती म्हणाली. "ॲडलेडला एक ओळखीची आहे. इथे नाही राहवत." तिनं फोन काढून त्याच्यासमोर रिस्टोचा नंबर ब्लॉक करून टाकला. "तुम्ही भले आहात, ॲल्विन. मी तुमची नक्कल केली एकदा, सोमवारी. तुम्हाला दाखवायची होती. रागावू नका हं." खोलीबद्दल बोलायला अजूनही वेळ होता. पण खोली दिली असती तर रोज सकाळी, टोस्ट करताना, ती त्या तशा नजरेनं बघत राहिली असती, आणि एखाद्या दिवशी कपाटातले अभ्रे तिला दिसले असते. "नीट चालव," तो म्हणाला. गाडी दोनदा खोकली, सुरू झाली, आणि पाइनच्या सावल्यांतून मोठ्या रस्त्याला लागली.

रविवारी दुपारी दीडला रिस्टोचा फोन आला. "ती उचलतच नाही रे. आता तर लागतच नाही. काल सकाळपासून दिसली का कुणाला? तुला दिसली का?"

"नाही."

 रिस्टोच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता. "स्तोयनानं खोली धुऊन काढलीये. पडदे लावलेत. आज पहाटेपासून स्वयंपाकघरात आहे. मी तिला काय सांगू?"  मग हलक्या आवाजात म्हणाला, "तू येतोस का? एवढं केलंय तिनं. कुणीतरी खाल्लं तर तिला बरं वाटेल."

ॲल्विन गेला. जेवणाचं टेबल अंगणात वेलाखाली मांडलं होतं आणि तिसरी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती. तो तिच्यावर बसला. स्तोयनाचे डोळे सुजले होते, ती नुसती वाढत होती. खिमा भरलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या होत्या, मातीच्या भांड्यात भाजलेल्या पांढऱ्या बीन्स होत्या, घरचा पाव होता. रिस्टोनं दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. एखादी गाडी आली की मान वळवायचा. ॲल्विनला मात्र भूक लागली होती. किती दिवसांत त्यानं दुसऱ्याच्या हातचं गरम खाल्लं नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा मिरची घेतली, मग तिसऱ्यांदा, आणि पावाच्या तुकड्यानं रस्सा टिपून घेतला, तशी स्तोयना पहिल्यांदाच थोडी हसली आणि भांडं त्याच्या जवळ सरकवत म्हणाली, "घ्या, घ्या. तिच्यासाठीच होतं."